गिळले, पण अडकले कुठे?

जिभेने घास मागे ढकलला की आपला अधिकार संपतो. तोवर थुंकून टाकता येते, विचार बदलता येतो. घशाच्या मागच्या भिंतीला स्पर्श झाला की पुढचे सगळे आपोआप घडते. टाळूचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकते, त्यावरचे झाकण मिटते आणि सेकंदाभरात घास अन्ननलिकेच्या तोंडाशी पोचतो. तो वरणभाताचा घास आहे की एक रुपयाचे नाणे, याची चौकशी इथे कुणी करत नाही. तिथून पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदांत तो जठरात उतरतो. माणूस डोके खाली, पाय वर असा असला तरी घास जठराकडेच जातो, कारण स्नायूंची लाट त्याला ढकलत नेते.

मुलाने काही गिळले की घरात आधी एकच वाक्य उमटते, “पोटात गेलं!” जणू पोटात जाणे हाच अनर्थ. खरे तर वस्तू जठरात पोचली ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते. गिळलेल्या वस्तूंपैकी शंभरातल्या ऐंशी ते नव्वद आपल्या वाटेने बाहेर पडतात. दहा ते वीस दुर्बीण घालून काढाव्या लागतात. पोट उघडण्याची वेळ जेमतेम एक टक्का प्रकरणांत येते. सरकत राहिलेली वस्तू क्वचितच इजा करते. इजा होते ती वस्तू एका जागी थांबली की. आणि काही थोड्या वस्तू अशा आहेत की त्या थांबल्या तर इजेला दोन तासही पुरतात. त्या कोणत्या, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

थांबण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली अन्ननलिकेच्या अगदी सुरुवातीला, मानेच्या खालच्या भागात, जिथे एक गोल स्नायू एरवी कायम आवळलेला असतो. दुसरी छातीत, जिथे महाधमनीची कमान आणि डावी श्वासवाहिनी अन्ननलिकेला बाजूने दाबतात. तिसरी जठराच्या तोंडाशी. लहान मुलांनी गिळलेली आणि अडकलेली बहुतेक नाणी पहिल्याच जागी सापडतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत नाणे पूर्ण गोल दिसले तर ते बहुधा अन्ननलिकेत असते. श्वासनलिकेत गेलेले नाणे समोरून कडेवर उभे दिसते.

नाणे अडकलेले मूल लाळ गाळते, घास नाकारते, मानेशी हात नेते. पण पुष्कळदा काहीच करत नाही, नेहमीसारखे खेळत राहते, आणि त्यामुळेच घरचे फसतात. म्हणून लक्षण नसले तरी एक्स-रे काढायचाच. नाणे अन्ननलिकेत असेल आणि मुलाला त्रास नसेल, तर डॉक्टर काही तास थांबून पुन्हा एक्स-रे काढतात, कारण अशी काही नाणी स्वतःहून जठरात उतरतात. मात्र चोवीस तासांच्या पुढे त्याला तिथे ठेवत नाहीत. लाळ गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर तेवढीही वाट पाहत नाहीत.

जठरात उतरलेल्या वस्तूची पुढची परीक्षा म्हणजे जठराचे मागचे दार. मोठ्या माणसात अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू त्यातून सहसा निघत नाही. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू दारातून निघाली तरी पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणावर अडते. आपली अलीकडची नाणी या मापाला लावून पाहावीत. एक रुपयाचे नाणे २० ते २२ मिलिमीटरचे, दोन आणि पाच रुपयांची २३ ते २५, दहा आणि वीसची २७. मोठ्या माणसाच्या पोटातून पाच रुपये सहज जातील. पाच वर्षांखालच्या मुलाच्या जठरातून मात्र २३-२४ मिलिमीटरच्या पुढचे नाणे निघायला अडचण पडते. तरीही घाई नसते. नाणे गुळगुळीत आहे, जठर प्रशस्त आहे. दोन ते चार आठवडे अधूनमधून एक्स-रे काढत वाट पाहिली जाते.

या वाट पाहण्यामागे जठराची एक सुंदर सोय आहे. अन्न असते तेव्हा जठराचे टोक ते घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत बारीक करते आणि मोठे तुकडे मागे लोटते, म्हणून भरल्या पोटी नाणे पुढे सरकत नाही. पोट रिकामे झाले की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक जोरदार लाट जाते. तिच्यासाठी जठराचे दार पुरते उघडते आणि न पचलेल्या बिया, साली, तंतू, नाणी एकदम बाहेर लोटली जातात. उपाशीपोटी होणारी गुडगुड पुष्कळदा याच साफसफाईची असते.

आता टोकदार वस्तू. आपल्याकडे बायका साडी नेसताना दोन-तीन सेफ्टी पिना ओठांत धरतात आणि तशाच बोलत राहतात. बांगडीला पीन, मंगळसूत्राला पीन, मांडीवरच्या बाळाच्या हाताला लागेल अशी. त्यातली एखादी कधीतरी आत जाते. अशा पिनेचे काय होते, याचे उत्तर एक्सनर नावाच्या संशोधकाने १९०२ मध्ये दिले. आतड्याच्या आतल्या अस्तराला टोक टोचले की ते ज्या जागी टोचते तेवढा भाग पांढरा पडून मागे सरतो, तिथे खळगा होतो आणि भोवतालच्या स्नायूंच्या हालचालीने पीन हळूहळू फिरते. बोथट डोके पुढे, टोक मागे, अशी ती पुढचा प्रवास करते. डोळे नसलेल्या नळीने सुई उलटी फिरवावी, याचे मला कितीही वेळा वाचले तरी आश्चर्य वाटते.

पण या सोयीला मर्यादा आहे. उघडी सेफ्टी पीन, तिचे टोक वरच्या बाजूला असेल तर खाली सरकते. टोक पुढे असेल तर रुतते. हे ज्याने हजारो रुग्णांवरून ताडले तो माणूस म्हणजे अमेरिकेतले घसा-तज्ज्ञ शेव्हॅलिए जॅक्सन (१८६५–१९५८). फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आजही त्यांचे कपाट आहे. त्यातल्या खणांत त्यांनी रुग्णांच्या अन्ननलिकेतून आणि श्वासमार्गातून काढलेल्या २,३७४ वस्तू मांडून ठेवल्या आहेत: पिना, बटणे, हाडे, दाणे, खेळण्यांचे तुकडे, नाणी. प्रत्येक वस्तूची नोंद आहे. उघडी पीन आतल्या आत मिटवून काढायची किंवा फिरवून टोक मागे ठेवून काढायची, यासाठी त्यांनी चिमटे घडवले. दुर्बीण त्यांच्या हातात तयार आली नव्हती. त्यांच्या आधी, १८६८ मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला अडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून सरळ कडक नळी उतरवून जठरापर्यंत वाट आहे हे दाखवले होते. जॅक्सन यांनी त्या वाटेवर दिवा आणि हत्यार नेले.

जॅक्सन यांचे दुसरे काम मला या कपाटाहून मोठे वाटते. त्या काळी अमेरिकी घरांत साबण करायला आणि मोऱ्या साफ करायला दाहक क्षार सर्रास असे, डब्यावर कसलीही सूचना नसे. मुले तो साखर समजून तोंडात घालत. अन्ननलिका आतून भाजे, पुढे व्रण आवळत जाऊन पाणीही उतरेना. जॅक्सन वर्षानुवर्षे अशा मुलांच्या अन्ननलिका रुंद करत राहिले आणि त्याच वेळी कायद्यासाठी भांडत राहिले. १९२७ मध्ये अमेरिकेत दाहक पदार्थांच्या डब्यांवर विष असल्याची सूचना सक्तीची झाली. हे इथे सांगण्याचे कारण, तोच क्षार आज वेगळ्या रूपात आपल्या घरात आला आहे.

ते रूप म्हणजे चपटा, चकचकीत बटण सेल. टीव्हीच्या आणि गाडीच्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात, डिजिटल थर्मामीटरमध्ये, गाणे वाजणाऱ्या शुभेच्छापत्रात, दिवे लागणाऱ्या खेळण्यात, आणि दिवाळीत पणतीच्या जागी ठेवायच्या त्या छोट्या विजेच्या दिव्यांत. त्यातला सर्वांत घातक २० मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियमचा सेल. आकार असा, की एक-दोन वर्षांच्या मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकावा.

लोकांचा समज असा की सेल फुटून आतले रसायन गळते. नुकसान त्याच्या किती तरी आधी होते. दोन्ही बाजू ओल्या अस्तराला चिकटल्या की त्या ओलाव्यातून विजेचा प्रवाह सुरू होतो. ऋण बाजूला पाण्याचे विघटन होऊन तीव्र क्षार तयार होतो आणि तिथले अस्तर अक्षरशः विरघळू लागते. दोन तासांत खोल भाजते. सेल काढल्यावरही जखम पुढे उतरत राहते; काही दिवसांनी अन्ननलिकेला भोक पडू शकते, ती श्वासनलिकेशी जोडली जाऊ शकते. महाधमनी शेजारीच असते, तिच्यापर्यंत जखम पोचली तर रक्तस्राव थांबवणे फार कठीण. आणि खेळणे चालेनासे झाले म्हणून काढून टेबलावर ठेवलेला ‘संपलेला’ सेलही धोक्याचाच. खेळणे चालवायला त्याची ताकद अपुरी असते, अस्तर जाळायला पुरेशी असते.

एक्स-रेत हा सेल नाण्यासारखाच गोल दिसतो. नीट पाहिले तर कडेशी दुसरे वर्तुळ दिसते, बाजूने पाहिले तर पायरी दिसते. ‘नाणे आहे, पाहू उद्या’ असे म्हणण्याआधी ते वर्तुळ शोधायचे. सेल अन्ननलिकेत असेल तर रिकाम्या पोटाची वाट न पाहता तो लगेच काढतात.

घरी करण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि तिचा शोध लागला तोही फिलाडेल्फियाच्याच बालरुग्णालयाशी संबंधित संशोधकांच्या कामातून. त्यांनी डुकराच्या पिल्लांच्या अन्ननलिकेवर सेल ठेवून फळांचे रस, सोडा, पाक, मध असे पदार्थ घालून पाहिले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला. मध आणि जठरव्रणावर देतात ते सुक्रालफेट या दोघांनी क्षाराचा दाह कमी केला. मध घट्ट असल्याने सेलभोवती थर धरतो आणि सौम्य आम्ल असल्याने क्षार मारतो. म्हणून आता सांगितले जाते ते असे: मूल एक वर्षाहून मोठे असेल, सेल गिळून बारा तास झाले नसतील आणि मूल गिळू शकत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध आणायला वेळ घालवू नये, दवाखाना आधी. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये. उलटी काढू नये. दुसरे काही खायला-प्यायला देऊ नये. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून सेलच्या कप्प्याला लहान मुलाला उघडता येणार नाही असे झाकण बंधनकारक केले. खेळणे विकत घेताना त्याच्या पाठीवरचा स्क्रू आपणही पाहावा. नुसत्या बोटाने सरकणारे झाकण असेल तर ते घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोहचुंबकाचे गणित वेगळे. एक चुंबक गिळला तर तो नाण्यासारखाच जातो. दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा, थोड्या अंतराने, तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांत असताना एकमेकांना ओढतात. मधल्या दोन भिंती चिमटल्या जातात, रक्तपुरवठा तुटतो, आणि काही दिवसांत भोक पडते. मूल सुरुवातीला फक्त पोट दुखते म्हणते. मोठ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या, अतिशय शक्तिशाली गोळ्यांच्या चुंबक-खेळण्यांवर अमेरिकेत निर्बंध आले, २०१६ मध्ये न्यायालयाने ते रद्द ठरवले, २०२२ मध्ये पुन्हा नियम आला.

हाच चुंबक गाईच्या पोटात मात्र औषध ठरतो. गाय चारा निवडून खात नाही. खिळा, तार, जे येईल ते जिभेने ओढते. जड वस्तू तिच्या जाळीदार पोटात साठतात. त्याच्यापुढेच हृदय. पोट आकुंचन पावले की तार पुढे घुसत हृदयाच्या आवरणापर्यंत जाते. पशुवैद्य अशा जनावराला गुळगुळीत लांबट चुंबक गिळायला देतात. तो त्याच पोटात कायमचा राहतो आणि लोखंड स्वतःला चिकटवून धरतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर मात्र गाईला असा काहीच उपाय नाही. रवंथ करणाऱ्या पोटातून त्या ना वर येतात ना खाली जातात.

माशाचा काटा हा कोकण-गोव्याचा जुना अनुभव. पाल्यासारख्या काटेरी माशाचा काटा लागला की सुक्या भाताचा गोळा, केळे किंवा पावाचा तुकडा न चावता गिळायला सांगतात. घरोघरचा उपाय असला तरी त्याची शिफारस करता येत नाही. बहुतेक काटे टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततात, डॉक्टर आरसा आणि चिमटा घेऊन दोन मिनिटांत काढतात. भाताच्या गोळ्याने तो काटा अधिक खोल जातो किंवा खाली अन्ननलिकेत ढकलला जातो, आणि माशाचे काटे एक्स-रेत पुष्कळदा दिसतही नाहीत. काटा निघून गेल्यावरही ओरखडा टोचत राहतो हे खरे. पण दिवसभरानंतरही टोचणे कमी नसेल, थुंकी गिळवत नसेल, ताप आला असेल, तर घरी थांबू नये.

शेंगदाण्याची गोष्ट इथे थोडी परकी आहे, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. दाणा गिळला तर पचतो. श्वासनलिकेत गेला तर जीव घेऊ शकतो. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना दाढा पुरत्या नसतात, अख्खा दाणा ते चावू शकत नाहीत. हसता-रडताना तो श्वासाबरोबर आत ओढला जातो, ठसका लागतो, मग ठसका थांबतो आणि सगळ्यांना वाटते, गेले एकदाचे. दाणा फुफ्फुसाच्या फांदीत फुगत बसतो. अशा मुलाच्या एका बाजूला श्वास कमी ऐकू येतो, खोकला जात नाही. ठसक्यानंतर टिकलेला खोकला नुसत्या औषधाने दाबू नये.

बियांची भीती मात्र अवाजवी. चिंचोके, सीताफळाच्या बिया, जांभळाच्या बिया गुळगुळीत असतात, निघून जातात. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, म्हणून ती मुलांना देताना काढून टाकायची सवय शहाणपणाची. बिया भरपूर आणि सालींसकट खाल्ल्या तर त्या गुदाशयात घट्ट गोळा होऊन बसतात, तो त्रास वेगळा. च्युइंगम सात वर्षे पोटात राहते हे खोटे. त्याचा चिकट भाग पचत नाही, इतकेच, पण काही दिवसांत बाहेर पडतो. स्वतःचे केस उपटून गिळण्याची सवय लागलेल्या मुलीत मात्र केसांचा गोळा खरोखर जठरात वाढत जातो, कधी त्याची शेपूट लहान आतड्यात उतरते. तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच निघतो आणि त्यानंतर मनाचा उपचारही लागतो.

वस्तू किती दिवसांत निघते, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर बालरोग क्षेत्रातल्या सहा जणांनी स्वतःवर काढले. त्यांनी लेगोच्या पुतळ्याचे पिवळे डोके गिळले, रोज आपली शी तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सरासरी १.७१ दिवस. सहांपैकी एकाला डोके सापडलेच नाही. म्हणून ते आई-वडिलांना सांगतात, शी चिवडत बसू नका. शिकलेल्या माणसालाही सापडत नाही. ही परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी कापडी पिशव्यांत पाव भरून त्या गिळल्या आणि बाहेर पडलेल्या पिशव्या रिकाम्या पाहून, जठर अन्न नुसते दळत नाही, रसाने विरघळवते, हे सिद्ध केले.

मुंबई विमानतळावर वेळोवेळी पकडल्या जाणाऱ्या प्रवाशांच्या पोटातल्या अमली पदार्थांच्या कॅप्सूल हा याच प्रवासाचा सर्वांत भीषण उपयोग. एक पाकीट फुटले तरी मृत्यू येऊ शकतो, म्हणून तिथे दुर्बिणीने ओढायलाही डॉक्टर धजत नाहीत. देखरेखीखाली वाट पाहतात किंवा पोट उघडतात.

मोठ्या वयात कहाणी बदलते. दात बसवलेल्या माणसाला टाळूची जाणीव कमी असते, त्यामुळे हाड किंवा खुद्द कवळीचा तुकडा नकळत जातो. कवळीच्या तारा टोचतात आणि तिचे प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही. गोळ्यांच्या पट्टीतून एकेक गोळी कात्रीने कापून डबीत ठेवायची सवय अनेक घरांत असते. अंधारात ती पाकिटासकट गिळली जाते, तिचे कापलेले कोपरे धारदार असतात. आणि मटणाचा तुकडा दरवेळी छातीत अडकतो असे कुणी म्हणाले, तर दोष तुकड्याचा नसतो. तिथे अन्ननलिका आधीच आक्रसलेली असते: आम्लाने, ॲलर्जीच्या सुजेने, क्वचित कर्करोगाने. तुकडा काढल्यावर आतून पाहणे टाळू नये.

गिळलेली वस्तू आपल्या वाटेने बाहेर पडते, या तत्त्वावर आज डॉक्टर स्वतःच रुग्णाला वस्तू गिळायला देतात. इस्रायलमधले अभियंते गॅव्ह्रिएल इदान क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करत. त्यातून २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड अशी कॅमेऱ्याची कॅप्सूल आली. तिची पहिली बातमी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. ती सुमारे सहा मीटरच्या लहान आतड्यातून, जिथे दुर्बीण सहज पोचत नाही, लाटांबरोबर सरकत हजारो चित्रे काढते आणि शौचावाटे निघून जाते. शंभरात एखाद-दुसऱ्याच्या पोटात ती थांबते. अशा वेळी एक्स-रेत ती जिथे थांबलेली दिसते, तिथेच आतडे अरुंद झालेले असते, आणि महिनोन्‌महिने न सापडलेल्या दुखण्याची जागा सर्जनला तिथे मिळते.